बाँडवरचा प्लॉट की गावाकडचं पडकं घर?

पत्र

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर आहे. पगार २८ हजार. बायको घरी शिवणकाम करून महिन्याला सहा हजारांपर्यंत मिळवते. वडगावात साडेसहा हजार भाड्याने राहतो. एक मुलगी आहे, मराठी शाळेत शिकते. साडेसहा लाखांची पुंजी आहे. येळ्ळूर रस्त्याकडच्या शिवारात ३०×४० चा प्लॉट नऊ लाखांना बाँडवर, म्हणजे नुसत्या करारपत्रावर, मिळतोय. "पुढे सगळं रेग्युलर होईल" असं एजंट सांगतो. त्याला २५ हजार इसारा दिला आहे. शहरात टू-बीएचके फ्लॅट बघितला, तो ३८ लाख. तिसरा मार्ग म्हणजे बेळगुंदीकडच्या आमच्या गावी गावठाणात वडिलांचं जुनं कौलारू घर आहे. २०१९ च्या पावसात त्याची एक बाजू पडली. वडील वारले. मी, भाऊ आणि एक बहीण असे वारस आहोत. गावाहून कारखाना बारा-तेरा किलोमीटर पडतो. मेस्त्री नवीन बांधकामाला २,००० रुपये फूट सांगतो. काय करावं?

— नाव छापू नये, वडगाव

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन मार्गांपैकी गावाकडचं घर धरा. बाँडचा प्लॉट सोडा आणि इसारा परत मागा. कारणं नीट मांडतो, कारण घरात याची चर्चा होणार आणि "नऊ लाखांत प्लॉट कुठे मिळतो" हा प्रश्न कुणीतरी विचारणारच.

आधी फ्लॅटचा विषय संपवू. ३८ लाखांच्या फ्लॅटसाठी ३० लाखांचं कर्ज घेतलं, तर साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी महिना २६ हजारांचा हप्ता बसतो. उरलेले आठ लाख आणि वर मुद्रांक-नोंदणीचा खर्च हातचा घालावा लागेल. तुमच्या पगारात हे बसत नाही. बँकही देणार नाही आणि दिलं तरी घेऊ नका.

आता बाँड. ज्याला आपल्याकडे बाँडवरचा प्लॉट म्हणतात, ती कागदोपत्री शेतजमीनच असते. एखादं वीस गुंठ्यांचं रान विकत ठरवायचं, मुरूम टाकून वाट काढायची, दगड रोवून तुकडे पाडायचे आणि करारपत्र व वटमुखत्यारपत्रावर विकायचे, असा हा व्यवहार. यात बिनशेतीचा आदेश नसतो आणि लेआउटला बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरीही नसते. आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबारा) नाव मूळ शेतकऱ्याचंच राहतं. वटमुखत्यारपत्रावर झालेल्या अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. उद्या तो शेतकरी वारला, तर सर्वसाधारणपणे वटमुखत्यारपत्राचा जोर संपतो आणि त्याचे वारस, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या मुली, दारात उभ्या राहू शकतात. त्यांचं काही चुकत नाही, कारण वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हिस्सा आहेच.

"पुढे रेग्युलर होईल" या वाक्यावर बेळगावच्या चहूबाजूंनी शेकडो कुटुंबांची पुंजी अडकून पडली आहे. २०२५ पासून अनधिकृत मिळकतींना बी-खाता देण्याची सोय कर्नाटक सरकारने केली, तिचाच दाखला एजंट देत असणार. बी-खाता ही घरपट्टीसाठी केलेली नोंद आहे. तिने लेआउट मंजूर होत नाही. शिवाय तिलाही नोंदणीकृत दस्त लागतो, नुसता बाँड चालत नाही. वीज-पाण्याच्या जोडण्या भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्याव्यात, असंही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ च्या निकालात म्हटलं आहे. लहान घरांसाठी राज्याने यात थोडी ढील दिली असली, तरी शेतजमिनीवर परवान्याशिवाय बांधलेल्या घराला त्या ढिलीचा आधार मिळेल असं धरून चालू नका.

पैशाचं गणित तर याहून वाईट आहे. बाँडवर कोणतीही बँक गृहकर्ज देत नाही. म्हणजे तुमचे सगळे साडेसहा लाख त्यात जाणार आणि उरलेल्या अडीच लाखांसाठी सोनं गहाण पडणार. पुढे घर बांधायला पैसे लागतील तेव्हा हातात असेल वैयक्तिक कर्ज. पाच लाखांना १४ टक्क्यांनी पाच वर्षं महिना साडेअकरा हजारांवर हप्ता. तेच पाच लाख गृहकर्ज म्हणून साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता पाच हजारांच्या आत येतो. प्लॉट स्वस्त दिसतो, पण त्यावर लागणारा पैसा सगळ्यात महाग पडतो. शिवाय घर उभं राहीपर्यंत वडगावचं भाडं चालूच.

जमिनीचंही बघा. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ हे शिवार भाताचं. बळ्ळारी नाल्याला पूर आला की इथली रानं दिवसचे दिवस पाण्याखाली असतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलमध्ये अशा रानात गेलात तर हात जाईल एवढ्या भेगा दिसतील. त्यावर दोन-तीन फुटांचा उथळ पाया घेतला, तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात आणि दारं अडकायला लागतात. पाया कठीण मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो. वर भराव वेगळा. ३०×४० चा प्लॉट तीन फूट उंच करायचा म्हणजे ३,६०० घनफूट, ३६ ब्रास मुरूम. तो सहा-आठ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून भरायचा. एकदम ओतला तर दोन पावसाळ्यांत बसतो आणि कोबा तडकतो. शोषखड्डाही या जमिनीत काम करत नाही. पावसाळ्यात भूजल वर येतं आणि संडासचं पाणी मागे फिरतं. एजंट हे काहीच सांगणार नाही, कारण प्लॉट दाखवायला तो तुम्हाला मार्चमध्ये नेतो. एखादा प्लॉट बघायचाच असेल, तर जुलैच्या मध्यावर, चार दिवस झड लागल्यानंतर बघा.

ज्या रानात बेळगावचा बासमती पिकला, ते अशा तुकड्यांत संपून जावं हे आम्हाला मनापासून लागतं. तुमच्या निर्णयाचं ओझं तुमच्यावर टाकायचं म्हणून हे लिहीत नाही. पण जुन्या गावठाणात पडून असलेली घरं उभी राहिली, तर शिवारावरचा ताण तेवढा कमी होतो, हेही खरं.

इसाऱ्यासाठी एजंटला आणि करारात नाव असेल त्या मालकाला नोंदणी करून स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. बिनशेती आदेशाची प्रत, बुडाने मंजूर केलेला लेआउट नकाशा आणि तीस वर्षांचा ईसी (बोजा दाखला) पंधरा दिवसांत दाखवा, नाहीतर रक्कम परत करा, एवढंच त्यात लिहा. भांडणाची भाषा नको. कागद नसल्याचं त्यालाही माहीत असतं, त्यामुळे अशा पत्रानंतर बहुतेक वेळा तडजोड होते. पूर्ण रक्कम नाही आली तरी त्या २५ हजारांपायी आणखी पावणेनऊ लाख घालू नका. पुढे कधी कुठेही प्लॉट घ्यायचा झाला, तर आरटीसीवर ९ व्या रकान्यात मालकाचं नाव, १० व्यात जमीन त्याच्याकडे कशी आली आणि ११ व्यात बोजा व इतर हक्क हे तीन रकाने आधी वाचा. ११ व्यात सोसायटीचं पीककर्ज पुष्कळदा सापडतं. तो सर्वे नंबर रिंगरोड किंवा हलगा-मच्छे बायपासच्या भूसंपादनात आहे का, हेही विचारा.

आता गावाकडे वळू. इथे पहिलं काम मेस्त्रीचं नसून बहिणीकडे जाण्याचं आहे. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच. तिला "सही कर" म्हणून कागद पुढे करू नका. तुम्ही, भाऊ आणि बहीण बसा आणि तिला काय हवंय ते आधी विचारा. ती हक्क सोडणार असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. नसेल तर तिच्या हिश्शाची किंमत हप्त्याने द्यायचं ठरवा आणि ते वाटणीपत्रात लिहा. भावाशीही वाटणी तोंडी ठेवू नका. घरामागची परसाची जागा, विहिरीचा आणि वाटेचा हक्क, सामाईक भिंत या चार गोष्टी वाटणीपत्रात स्पष्ट आल्या पाहिजेत. गावातले अर्धे तंटे सामाईक भिंतीवरून होतात.

नोंदणीनंतर ग्रामपंचायतीकडे ई-स्वत्तूमध्ये (पंचायतीच्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) नमुना ९ आणि नमुना ११ या उताऱ्यांसाठी अर्ज करा. गावठाणातल्या जागेला नमुना ९ मिळतो, त्यासाठी भूमापन खात्याकडून मोजणी करून नकाशा घ्यावा लागतो. मोजणीला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी पडू द्या. गावठाणाबाहेरची किंवा मंजुरी नसलेली जागा असली की ११-बी देतात. तसा कागद हातात आला तर तिथेच थांबा आणि का मिळाला ते विचारा, बँक त्यावर अडते.

अडचण येते ती नावांची. १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे जुनी खतं मराठीत, काही मोडीत असतात आणि आजचा उतारा कन्नडमध्ये. आजोबांचं नाव एका कागदावर कल्लाप्पा, दुसऱ्यावर कल्लप्पा, आधारवर वडिलांचं नाव आडनावाशिवाय, असं निघतंच. वंशावळ आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधी तयार ठेवा. कन्नड वाचता येत नसेल, तर वकिलाकडून दस्त ओळ न् ओळ वाचून घ्या आणि चतुःसीमा, क्षेत्रफळ, नावं मराठीत लिहून घ्या. सही त्यानंतर.

पैशाचं असं बसवा. भावाच्या हिश्शाला हात न लावता ६०० चौरस फुटांचं घर: सोपा (पुढची ओसरी), दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी, संडास. मेस्त्रीच्या भावाने १२ लाख. त्यातले चार लाख तुमचे, आठ लाख गृहकर्ज. साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षं हप्ता सुमारे ७,९०० रुपये. रोजचा जाऊन-येऊन २६ किलोमीटरचा प्रवास महिन्याला पंधरा लिटर पेट्रोल खाईल, म्हणजे दीडेक हजार. मिळून ९,४०० झाले. साडेसहा हजारांचं भाडं वाचतं, म्हणजे आजच्यापेक्षा तीन हजारांच्या आत जास्त जातात. पुंजीतले उरलेले अडीच लाख सगळे घरात घालू नका. त्यातले पाऊण लाख नोंदणी, मोजणी, नकाशा आणि इंजिनिअरला जातील. बाकीचे हाताशी हवेत, कारण बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडते. जोतं, लिंटेल, स्लॅब, असं एकेक काम झाल्यावर पुढचा हप्ता येतो आणि तोवर मेस्त्रीला थांबवता येत नाही.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये तुमच्या उत्पन्नगटाला व्याजसवलत आहे: पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, जास्तीत जास्त १.८० लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. अटी अशा की कर्ज २५ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, तुमच्या, पत्नीच्या किंवा अविवाहित मुलांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर हवं. भावाचं पक्कं घर असलं तरी आड येत नाही. मात्र ही योजना शहरी आहे. तुमचं गाव बुडाच्या नियोजन क्षेत्रात येतं का, हे बुडा कार्यालयात लेखी विचारा. येत नसेल तर ही रक्कम हिशेबात धरू नका. मिळाली तर तो वरचा पैसा समजा, म्हणूनच वरचं गणित आम्ही तिच्याशिवाय मांडलं आहे.

बांधकामाचं बोलू. पश्चिमेकडची तुमची जमीन तांबडी, खाली जांभा. पायाला ही चांगली. दीड-दोन फुटांवर कठीण थर लागला तरी तीन फूट खोदाच आणि जुन्या घराचे पायाचे काळे दगड पुन्हा वापरा. पडक्या बाजूचे दगड, वासे, चौकटी आणि कौलं कुणाला विकू नका. मेस्त्री "हे सगळं घेऊन जातो, पाडकामाचे पैसे देऊ नका" म्हणेल. त्याला नाही म्हणा. त्या ढिगात तुमचे पैसे आहेत.

तळमजला आणि पुढे कधीतरी वर एक मजला, एवढ्यासाठी कॉलम-बीमचा सांगाडा लागत नाही. नऊ इंची भारवाहक भिंती पुरतात. खांबांचं लोखंड आणि सेंट्रिंग वाचतं. पण जोत्याला, लिंटेलला आणि स्लॅबखाली असे तीन पट्टे सलग फिरले पाहिजेत: तीन इंच जाड काँक्रीट, त्यात दोन १० मिमी सळया, दर सहा इंचांवर ६ मिमीची कडी. कोपऱ्यात सळया वळवून एकमेकींत गुंतवायच्या. बरेच मेस्त्री फक्त दार-खिडक्यांवर लिंटेल टाकतात आणि मधली भिंत सोडतात. तसं झालं तर पट्ट्याचा उपयोग नाही.

भिंतीला खानापूरकडचा जांभ्याचा चिरा बघा. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून घट्ट होतो, म्हणून काही आठवडे आधी आणून उघड्यावर रचून ठेवा. दोन चिरे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, भद्द आला किंवा पांढऱ्या चिकणमातीचे गोळे दिसले तर परत करा. बाहेरून गिलावा न करता फक्त चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) भरल्या तरी चालतं, गिलाव्याचा खर्च वाचतो. अट एकच, छप्पर दोन-अडीच फूट बाहेर हवं. तुमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झडीने येतो आणि जांभा पाणी पितो. वळचण आखूड ठेवली तर आतल्या भिंतीला ओल येते. जोतं रस्त्यापासून निदान दोन फूट, आणि जोत्याचा दगड काळा.

स्लॅबसाठी तुमची जुनी कौलं सोनं आहेत. पाच इंची स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट भार फारसा पेलत नाही. तिथे लोखंडाच्या चौकटींत दोन-दोन कौलं एकावर एक ठेवून वर काँक्रीट ओततात. ६०० फुटांच्या स्लॅबला सुमारे २५० घनफूट काँक्रीट लागतं, त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे दहा-अकरा पोती सिमेंट आणि त्यासोबतची खडी-वाळू वाचते. खोलीही उन्हाळ्यात कमी तापते. चार-पाचशे धड कौलं लागतील. चुका कुठे होतात ते मात्र मेस्त्रीला आधी सांगा. कौलं रात्रभर पाण्यात भिजवलेली हवीत, कोरडी कौलं काँक्रीटचं पाणी ओढून घेतात. कौलांच्या दोन जोड्यांमध्ये चार इंच अंतर हवं, नाहीतर सळईभोवती काँक्रीट शिरत नाही. भिंतीलगत दीड फूट, मोरी-संडासावर आणि बाहेर आलेल्या सज्जात कौलं घालायची नाहीत. आणि सळयांची जाडी-अंतर इंजिनिअरने काढून द्यायचं, अंदाजाने नाही.

६०० फुटांच्या छपरावर १,२०० मिलिमीटर पाऊस धरला, तर गळती-बाष्प वजा जाता वर्षाला ५० हजार लिटरांहून जास्त पाणी मिळतं. तुमच्याकडे पाऊस याहून जास्तच. चार इंची पाइपने ते उतरवा, पहिल्या सरीचं ५०-६० लिटर पाणी बाजूला सोडणारा कॉक बसवा, मग खडी, कोळसा, वाळूच्या गाळणीतून परसातल्या विहिरीत सोडा. घर बांधताना पाइप बसवले तर हा खर्च किरकोळ असतो. गाळणीतली वाळू दरवर्षी मृगाआधी धुवा, एवढंच सांभाळायचं. संडासला दोन खड्डे आणि मध्ये वाय चेंबर करा. एक भरला की दुसरा चालू, पहिल्यातलं दीड-दोन वर्षांत खत होतं. जांभ्यातून पाणी झटकन झिरपतं, म्हणून खड्डे विहिरीपासून पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला.

छतावरच्या सोलर विजेसाठी सध्या पैसे घालू नका. तीन किलोवॉटला केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान आहे खरं, पण राज्याच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेत २०० युनिटांच्या आत तुमचं बिल माफ होत असेल, तर सोलरचा खर्च निघायचा नाही. स्लॅबमधून एक रिकामा पाइप वर काढून ठेवा, पुढे योजना बदलली तर भिंत फोडावी लागणार नाही.

कागदांना पाच-सहा महिने धरा. ते काम पावसाळ्यात करा, त्याच काळात पडक्या भागातली कौलं-लाकूड झाकून ठेवा. दसऱ्यानंतर पाया खोदा, जानेवारीत स्लॅब पडू द्या. त्याला निदान चौदा दिवस पाणी साठवून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये फरशी, दारं, वायरिंग. म्हणजे मेमध्ये राहायला जाता येईल आणि मुलीची शाळा वर्षाच्या मध्यात बदलावी लागणार नाही. मेस्त्रीशी करार कामाच्या टप्प्यांवर करा आणि नमुना ९ हातात पडेपर्यंत त्याला आगाऊ काहीही देऊ नका.